मराठीचे पाणिनी आणि आमची 'आलो'

आमची लेक सहा वर्षांची होईपर्यंत मी आलो, मी जातो असंच बोलायची. बायकोच्या कामाच्या वेळा विचित्र, त्यामुळे पिस्कॅटवेतल्या आमच्या घरात तिच्या कानावर मराठी पडायचं ते बहुतेक माझंच. मुलीने मी आले म्हणायचं, हे तिला पटवलं. मग तिने विचारलं, पोळी खाल्ली हे तू आणि मी सारखंच का म्हणतो? मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर. शाळेत प्रयोगाचं प्रकरण चक्क ऑप्शनला टाकलेलं! उत्तर शोधता शोधता दादोबा पांडुरंग तर्खडकरांपाशी पोचलो.

दादोबांचा जन्म मुंबईचा, १८१४ सालचा. 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ मध्ये छापून निघालं तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. (बावीसाव्या वर्षी मी कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करत होतो, असो.) त्याआधी विल्यम कॅरीने १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण काढलं होतं, पण इंग्रजीतून. घरात बोलायच्या भाषेला कसलं आलंय व्याकरण, ते संस्कृतला, असा तो काळ. आणि मराठी क्रियापद तर धड कुठल्याच साच्यात बसत नाही. संस्कृतात गच्छामि म्हणणारा पुरुष की बाई, ते कळत नाही, इंग्रजीतही नाही. मराठीत जातो-जाते म्हटलं की लगेच कळतं. पण खाल्लं म्हणताना क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. आणि रामाने रावणाला मारलं यात ते दोघांनाही विचारत नाही. या सगळ्याची व्यवस्था त्यांनी मराठी माणसासाठी मराठीतच लावली. मराठीचे पाणिनी म्हणतात ते उगाच नाही.

लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे चेरोकी भाषेचंही थोडं वाचलं. तिथे वस्तू दे म्हणताना ती जिवंत आहे, लांब-ताठ आहे, लवचीक आहे, पातळ आहे की घट्ट, यावर क्रियापद बदलतं. बोलणारा बाप्या की बाई, याची मात्र त्याला फिकीर नाही! त्या भाषेची लिपी सिक्वोया नावाच्या माणसाने १८२१ च्या सुमारास एकट्याने तयार केली. म्हणजे दादोबांच्या थोडीच आधी.

दादोबा नुसते व्याकरणात रमणारे नव्हते. सुरतेला शिक्षक असताना १८४४ मध्ये दुर्गाराम मेहतांबरोबर मानवधर्म सभा काढली. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा, तीही गुप्त. जातिभेद मानायचा नाही, म्हणून सभासद तिथे परजातीच्या हातचं खात. पुढे सभासदांची यादीच चोरीला गेली आणि सभा मोडली. त्या काळी जातीबाहेर पडणं म्हणजे काय, ते आपल्याला इथे बसून कळणं कठीण. १८५२ मध्ये ते नगरला डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादुरही झाले. मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली. प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे धाकटे भाऊ. १८८२ मध्ये दादोबा गेले.

सध्या आमच्या फ्रिजवर लेकीने कागद चिकटवलाय: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. चौथ्या ओळीत सीरिअल. ते खाल्लं की ती खाल्ली, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.