राजमाता जिजाऊसाहेब व पुण्याचे ग्रामदैवत

सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या कन्या जिजाऊसाहेब यांचा जन्म १५९८ साली झाला. वेरूळच्या भोसले घराण्यातील शहाजीराजांशी त्यांचा विवाह झाला. १६२९ च्या जुलैमध्ये देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात त्यांचे वडील व बंधू दगाबाजीने मारले गेले. त्या वेळी त्या गरोदर होत्या. माहेर असे उद्ध्वस्त झाले आणि पती मोहिमांत गुंतलेले. अशा प्रसंगी शिवनेरी गडावर त्यांना आश्रय मिळाला. १९ फेब्रुवारी १६३० रोजी तेथेच शिवाजीराजांचा जन्म झाला.

त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला. पाठोपाठ १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ पडला. गावे ओस पडली, रयत परागंदा झाली.

पुढे शहाजीराजे कर्नाटकात राहिले व जिजाऊसाहेब बाळराजांसह आपल्या पुणे जहागिरीत आल्या. शापित मानलेल्या त्या भूमीत पाऊल टाकण्यास लोक धजत नव्हते. त्यांना धीर यावा म्हणून आऊसाहेबांनी कसबा गणपतीचे मंदिर उभारले आणि सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून जमिनीवरील अवकळा दूर केली, असे परंपरा सांगते. देवाच्या आधाराने माणसे परतली, शेते पिकू लागली. वस्तीजवळच लाल महाल उभा राहिला. आऊसाहेब स्वतः रयतेचे तंटे ऐकून निवाडे करीत.

पतीपासून दूर राहिलेल्या या मातेचा संसार मावळच्या लोकांनी आपला मानला. बाळराजे मावळच्या सवंगड्यांत वाढले. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा कारीचे कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून पुत्रांसह राजांच्या पाठीशी उभे राहिले. आऊसाहेबांनी थोरले पुत्र संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात गमावले होते. तरीही १६६६ साली शिवाजीराजे आग्र्यास गेले असता राज्याचा भार त्यांनी खंबीरपणे वाहिला.

६ जून १६७४ रोजी रायगडावर पुत्राचा राज्याभिषेक त्यांनी डोळे भरून पाहिला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, पाचाड येथे देह ठेवला. त्यांची समाधी तेथे आहे.

कसबा गणपती आजही पुण्याचे ग्रामदैवत असून गणेश विसर्जनात पहिला मान त्याचाच असतो. मंदिर उभे राहते तेव्हा गाव उभे राहते, आणि गाव पाठीशी असेल तर कोणतीही माता एकाकी राहत नाही, हाच या पुण्यचरित्राचा बोध होय. भाविकांनी या स्थानांचे दर्शन अवश्य घ्यावे.