वनस्पतींच्या सेवेतील धर्मगुरू : फादर सांतापाव

मुलचेरा परिसरातील आपल्या कुटुंबांना जंगल परके नाही. साग, मोह, तेंदू ही झाडे आपण लहानपणापासून ओळखतो. परंतु अशा वनस्पतींची देशभर शास्त्रशुद्ध नोंद करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची धुरा एका येशूसंघीय धर्मगुरूंनी वाहिली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

त्यांचा जन्म १९०३ मध्ये स्पेनमध्ये झाला. तरुणपणीच ते येशूसंघात दाखल झाले आणि मिशनकार्यासाठी भारतात आले. लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन १९४० मध्ये ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे फादर ब्लाटर यांनी जमविलेल्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची त्यांनी निष्ठेने जोपासना केली. विद्यार्थ्यांना घेऊन ते खंडाळ्याच्या डोंगरांत हिंडत. अनेक वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीचाही त्यांनी अभ्यास केला. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था ब्रिटिश सरकारने १८९० मध्ये स्थापन केली होती. साम्राज्याला उपयोगी पडणाऱ्या वनस्पतींचा शोध हा तिचा एक प्रमुख हेतू होता. त्या राजवटीच्या अखेरीस मात्र पदे रिकामी राहून ती नावापुरतीच उरली. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनी तिच्या पुनर्रचनेसाठी डॉ. जानकी अम्माळ यांना पाचारण केले. १९५४ मध्ये मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून फादरांची निवड झाली, तेव्हा त्या व्यथित झाल्या. स्वतंत्र भारताचे विज्ञान पुन्हा लंडनच्या क्यू उद्यानाच्या छायेत जाईल, अशी त्यांना भीती वाटत होती. त्यांच्या या वेदनेकडे आपण दुर्लक्ष करू नये. स्वतंत्र देशाने आपल्या ज्ञानावर आपला हक्क सांगणे न्याय्यच होते.

फादरांनी मात्र या देशाच्या मातीलाच आपले मानले. पुढे १९६०च्या दशकात ते या संस्थेचे संचालक झाले. १९६३ मध्ये हावड्याजवळील शिवपूरचे ऐतिहासिक वनस्पती उद्यान संस्थेकडे आले. पुण्यातील केंद्रासह तिच्या प्रादेशिक केंद्रांतून तरुण भारतीय शास्त्रज्ञ रानोमाळ हिंडून नोंदी करू लागले. सामान्य वाचकांसाठीही फादरांनी आपल्या परिचित वृक्षांवर सोपे पुस्तक लिहिले. १९६७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९७० मध्ये ते देवाघरी गेले.

सरकारे बदलली, हेतू बदलले. संस्था टिकली ती चिकाटीने काम करणाऱ्यांमुळे. प्रभूने निर्माण केलेल्या प्रत्येक रोपाला नावानिशी ओळखणे, हीही एक उपासनाच आहे. आपल्या रानातील झाडांची नावे आणि उपयोग वडीलधाऱ्यांना मुखोद्गत आहेत. ते ज्ञान त्यांच्याबरोबरच लोप पावू नये, म्हणून आपल्या मुलांनी ते त्यांच्याकडून शिकून घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.