अठरा तासांच्या आत काय होते? विद्यार्थी बाबासाहेबांची अभ्यासपद्धती

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रातील महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि बुद्धविहारांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. ज्ञानासाठी झटलेल्या महामानवाला याहून योग्य अभिवादन कोणते असणार? पण वस्तीतल्या अभ्यासिकांमध्ये काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते. मुले तास मोजतात. तेच पान चौथ्यांदा वाचतात, ओळींखाली रंगीत रेघा ओढतात आणि परीक्षेत काही आठवले नाही की आपल्याला डोकेच नाही असे ठरवून टाकतात. बाबासाहेब त्या तासांमध्ये नेमके काय करत होते, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. मुलाचे इंग्रजी पक्के व्हावे म्हणून त्यांनी तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांचा सराव करून घेतला. भाषांतर करताना प्रत्येक वाक्यासाठी योग्य शब्द आठवून शोधावा लागतो, नुसते डोळे फिरवून भागत नाही. मुंबईत परळच्या चाळीत सारे कुटुंब एका खोलीत राहत असे. भीमराव लवकर झोपत, वडील त्यांना रात्री दोनच्या सुमारास उठवत आणि मग शांततेत अभ्यास चाले. म्हणजे झोप आणि अभ्यास यांची आखणी त्या एका खोलीतही होती.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने झालेल्या सत्कारात कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत शिकू दिले नव्हते, त्यामुळे त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत शिकून घेतले.

१९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुदत तीन वर्षांची. तेथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहण्यासारखी आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. एकाच विषयाची पाने उलटत बसण्याऐवजी त्यांनी एक विषय दुसऱ्याला भिडवला. त्याचे फळ ९ मे १९१६ रोजी दिसले. प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात इतिहास होता, समाजशास्त्र होते आणि स्वतःच्या समाजाचा अनुभवही होता. वाचलेले स्वतःच्या शब्दांत मांडणे आणि ते जाणकारांसमोर तपासून घेणे, ही त्यांची पुढेही कायम राहिलेली रीत.

त्याच वर्षी ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. परतीच्या वेळी पुस्तके असलेले त्यांचे सामान दुसऱ्या जहाजावर होते. महायुद्धाच्या त्या काळात ते जहाज टॉर्पेडोच्या हल्ल्यात बुडाले. पुढे १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र शिकवले. ज्याने शिकवले आहे त्याला ठाऊक असते की आपल्याला काय कळलेले नाही, हे शिकवतानाच उघडे पडते.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील त्यांची मेहनत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी सादर केला आणि १९२३ च्या मार्चमध्ये तो बदलून लिहा असे त्यांना सांगण्यात आले. पैसा संपत आला होता. ते मुंबईला आले, प्रबंध नव्याने लिहून पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्‌सी. झाले. प्रबंधाला प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यातील अनेक मते मान्य नव्हती, तरी त्यांनी प्रबंधाचे मोल मान्य केले. आपले म्हणणे विरोधकाच्या कसोटीला लावणे आणि परत लिहिणे हाही अभ्यासच.

उतारवयातही ही रीत सुटली नाही. पाली शिकताना त्यांनी स्वतःसाठी पाली व्याकरण आणि शब्दकोश तयार करायला घेतला. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथाचे काम ६ डिसेंबर १९५६ रोजी झालेल्या महापरिनिर्वाणापर्यंत चालू होते.

आजचे मानसशास्त्र याच वाटेने जाते. जर्मनीचे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांना आढळले की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना सारे ओळखीचे वाटते आणि त्यालाच आपण आठवण समजतो.

बौद्ध परंपरेला हे नवे नाही. ऐकणे, मनात धरणे, वाचेने म्हणणे, चिंतन करणे आणि प्रज्ञेने भेदून समजणे अशा पायऱ्या पाली सुत्तांत येतात. लेखन होण्याआधी कित्येक पिढ्या भिक्खुसंघाने धम्म असाच एकत्र म्हणून जपला.

इथे एक सामाजिक वास्तवही लक्षात घ्यावे. बाबासाहेबांचे दीर्घ तास मर्यादित शिष्यवृत्ती आणि रिकामा खिसा यांतून आले होते. ती परिस्थितीची सक्ती होती. आपल्या मुलामुलींवरही अशी सक्ती आहेच: शिष्यवृत्ती उशिरा येते, घरात जागा नसते, दिवसा काम करावे लागते. ज्याच्याकडे चारच तास आहेत, त्याने अठरा नाहीत म्हणून खचू नये. त्या चार तासांत पद्धत आणावी.

म्हणून पुढच्या उपक्रमात थोडा बदल करून पाहू. दर तासाला शेवटची पंधरा मिनिटे पुस्तक मिटायचे आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचे. मग पुस्तक उघडून चुका शोधायच्या. दोघादोघांनी एकमेकांना धडा समजावायचा, शंका काढायच्या. दिवसभर एकच विषय न घेता दोन-तीन विषय आलटून पालटून घ्यायचे. आजचा धडा उद्या, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा आठवून पाहायचा. झोप कापायची नाही, कारण शिकलेले पक्के व्हायला झोप लागते. आणि विहारातील अभ्यासिका एका दिवसापुरती न ठेवता वर्षभर, रोज दोन तास का होईना, उघडी ठेवायची.

बाबासाहेबांनी शिका हा मंत्र दिला. कसे शिकावे, हे त्यांनी जगून दाखवले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!