मास्कवाला जॉन स्नो

जॉन स्नो म्हटलं की सीरिज बघणाऱ्यांना तलवारवाला आठवतो, आणि मेडिकलच्या पोरांना लंडनचा पाण्याचा पंप. १८५४ ची कॉलऱ्याची साथ त्या पंपाच्या पाण्यातून पसरतेय, हे शोधणारा डॉक्टर तो हाच. पण त्याचं पोट चालायचं ते भूल देण्यावर.

जन्म १८१३ चा, यॉर्कमधल्या मजुराच्या घरातला. नऊ भावंडांत थोरला. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलला एका डॉक्टरच्या हाताखाली गेला. तरुणपणीच दारू सोडली, लग्न केलंच नाही. डोक्यात मात्र श्वासाचा विषय पक्का बसलेला. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळांवर त्याने १८४१ मध्येच निबंध वाचला होता. भूल लंडनला पोचली त्यानंतर पाच वर्षांनी!

जानेवारी १८४८. न्यूकॅसलजवळच्या गावात हॅना ग्रीनर या १५ वर्षांच्या मुलीचं पायाचं नख काढायचं होतं. कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म टाकून ते नाकाशी धरलं. ती निपचित पडली, म्हणून तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली. काही मिनिटांत खेळ खलास. क्लोरोफॉर्मचा पुरस्कर्ता सिम्प्सन म्हणाला, ब्रँडीने गुदमरली. स्नोचं म्हणणं वेगळं होतं: रुमालावरून छातीत किती वाफ जाते, हे कळतच नाही.

म्हणून तो मोजूनमापून वाफ देणारं यंत्र वापरायचा. त्याच्या मास्कच्या कडा शिशाच्या पातळ पत्र्याच्या, चेहऱ्याला हव्या तशा वाकवता येणाऱ्या. झडप सरकवली की हवा आत. मुलांचा श्वास भरभर चालतो, त्यामुळे त्यांना भूल लवकर चढते, हेही त्याने टिपलं.

मला विचाराल तर सिम्प्सनचा मुद्दाही फेकून देण्यासारखा नाही. भुलीत गिळण्याचं भान जातं, जीभ मागे पडते. लहान मुलांची तर जीभ तोंडाच्या मानाने मोठी, श्वासनलिका अरुंद आणि ऑक्सिजन झटकन संपणारा. आजचे भूलतज्ज्ञ मास्क धरताना हनुवटी उचलतात, जबडा पुढे ओढतात, बोटं हनुवटीखालच्या मऊ भागावर येऊ देत नाहीत (तिथे दाबलं की जीभच वर ढकलली जाते). पिशवीही हलकेच दाबतात, नाहीतर हवा पोटात भरते. जबडा पुढे ओढण्याची युक्ती डॉक्टरांमध्ये पसरली १८७० च्या दशकात. तेव्हा स्नो नव्हता.

१८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात त्याने क्लोरोफॉर्म दिला. गंमत म्हणजे रुमालावरच, अगदी थोडा थोडा. १८५८ मध्ये क्लोरोफॉर्मवरचं पुस्तक लिहिता लिहिता त्याला झटका आला आणि ४५ व्या वर्षी तो गेला. पुस्तक त्याच वर्षी निघालं. त्यातल्या क्लोरोफॉर्मच्या मृत्यूंच्या यादीत पहिली नोंद हॅनाची आहे.