श्वासातली धूळ जाते कुठे? प्रकाशाच्या झोतात उत्तर शोधणारे जॉन टिंडल

खिडकीतून घरात कवडसा पडला की त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. एरवी न दिसणारी हीच धूळ आपण दिवसभर श्वासावाटे आत घेतो. ती पुन्हा बाहेर येते की छातीतच राहते? १८७० च्या सुमारास जॉन टिंडल यांनी हे चक्क डोळ्यांना दाखवून दिलं.

कोण होते टिंडल?

जन्म १८२० चा, आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यातला. घरची परिस्थिती बेताची. आधी जमीन मोजणीचं काम केलं, मग रेल्वेमार्गांचा सर्व्हे, मग शाळेत शिकवणं. पुढे जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि १८५३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. तिथे मायकेल फॅरेडे त्यांचे सहकारी होते. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उष्णता शोषून घेतात, हे टिंडल यांनी तिथेच मोजून दाखवलं.

श्वासाचा प्रयोग

प्रकाशावरच्या एका प्रयोगासाठी त्यांना धूळ नसलेली हवा हवी होती. हवा ज्योतीतून नेली की धूळ नाहीशी व्हायची. म्हणजे ही धूळ बरीचशी जळणारी, सेंद्रिय होती.

मग त्यांनी अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा झोत सोडला आणि गरम केलेल्या काचेच्या नळीतून त्यात श्वास सोडला. नळी गरम अशासाठी, की श्वासातल्या वाफेचं धुकं होऊ नये. सुरुवातीला झोत चमकतच राहिला. पण श्वास संपत आला तसा झोतात काळा डाग पडला. प्रकाश उधळायला तिथे कणच उरले नव्हते! फुप्फुसाच्या तळातून आलेली हवा स्वच्छ होती. म्हणजेच धूळ आत राहिली होती.

नंतर त्यांनी कापसातून श्वास घेतला. या वेळी काळा डाग सुरुवातीपासूनच दिसला, कारण धूळ बाहेरच अडली होती. यातूनच त्यांनी आगीच्या धुरात शिरणाऱ्या फायरमनसाठी कापूस, ग्लिसरीन आणि कोळसा वापरून मास्क बनवला.

आज काय?

निद्रानाशाने त्रासलेल्या टिंडल यांना १८९३ मध्ये पत्नीच्या हातून चुकून झोपेच्या औषधाचा जास्त डोस गेला आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यांची पद्धत मात्र टिकली. श्वासासोबत आत गेलेले आणि बाहेर आलेले कण आजही प्रकाशाच्या झोतात मोजतात. दोन्हींतला फरक, म्हणजे शरीरात साचलेली धूळ.

यातून कळलं की सगळा खेळ आकाराचा आहे. मोठे कण नाकात-घशातच अडकतात, बारीक कण खोल जातात. साधारण अर्ध्या मायक्रॉनचे बरेचसे कण मात्र परत बाहेर येतात. म्हणूनच इन्हेलरमधल्या औषधाचे कण ठरावीक आकाराचे ठेवावे लागतात.

घरोघरी दिसणारी पीएम २.५ मोजणारी छोटी यंत्रंही बहुतेक याच तत्त्वावर चालतात. शाळेत शिकलेला टिंडल परिणाम आठवतोय? तो हाच.