पिकाचे माप शिकविणारे डॉ. सुखात्मे

आपल्या भंडारा जिल्ह्यात धान कापणीला आला की सरकारी कर्मचारी फीत घेऊन एखाद्या बांधीत उतरतात. चौकोन आखतात, तेवढाच धान कापून, चुरून वजन करतात. हा पीक कापणी प्रयोग. त्याच्या आकड्यावर पीक विम्याचा हिशेब बसतो. ही पद्धत देशभर रुजविण्यात मोठा वाटा असलेला माणूस मराठी खेड्यातला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून गणित घेऊन ते १९३२ साली पदवीधर झाले. पुढे लंडनला संख्याशास्त्र शिकून १९३६ मध्ये पीएच.डी. मिळविली. १९४० पासून ते दिल्लीच्या कृषी अनुसंधान परिषदेत होते.

तेव्हा उभे पीक नजरेने पाहून आणेवारी ठरे. सुखात्मे यांनी डॉ. पानसे यांच्यासह नमुना पाहणीचे शास्त्र शेतात आणले. कोणत्या शेतात, कोणत्या जागी चौकोन आखायचा, हे चिठ्ठी काढल्यागत आकडे ठरवितात. साहेबाची किंवा पाटलाची मर्जी नाही. कलकत्त्याचे प्रा. महालनोबीस लहान तुकडे कापत. तुकडा लहान असला की कडेची झाडे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, हे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये आकड्यांनिशी दाखविले. फुगलेला आकडा म्हणजे बुडालेले पीक कागदावर चांगले, आणि भरपाई हातची गेली!

१९५१ पासून सुमारे वीस वर्षे ते रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगात उपाशी किती, याची मोजणी त्यांनी केली. १९७१ साली पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर पुण्यात राहून त्यांनी आहारावर काम केले. २८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

पानसे-सुखात्मे यांचे १९५४ चे पुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या संख्याशास्त्राचा पहिला धडा ठरले. पोरांना हा विषय रुक्ष वाटतो, पास होण्यापुरता वाचतात. पण उद्या बांधीत फीत धरणारा हात त्यांचाच असेल.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, गावात प्रयोग असला की हजर राहा. ठरल्या जागीच चौकोन आखला का, कडेच्या लोंब्या आत घेतल्या का, वजन नीट झाले का, हे डोळ्यांनी पाहा. कर्मचाऱ्यांनीही बांधावर बसून आकडा भरू नये. त्या एका आकड्यात साऱ्या मंडळाचा हंगाम असतो.