संत गोन्सालो गार्सिया : परक्यांना आपले मानणारा वसईचा सुपुत्र



आपल्या महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपणा सर्वांना परिचित आहे. त्यांनी ख्रिस्तासाठी जपानमध्ये प्राण दिले, हेही आपण जाणतो. परंतु ख्रिस्तसेवेत हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांना किती वर्षे थांबावे लागले, याचा विचार आपण क्वचितच करतो.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, तर आई याच भूमीतील. वसईच्या किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले आणि किशोरवयातच त्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी लवकर आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून मनोभावे सेवा केली. आपल्यालाही येशूसंघात घ्यावे, ही त्यांची मोठी इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

मनाने खचून ते ख्रिस्तसभेपासून दूर गेले असते, तर आपल्याला नवल वाटले नसते. ते व्यापारात पडले, त्यात यशही मिळाले. पण हाक मनातून गेली नाही. पुढे ते फिलिपाईन्समधील मनिला येथे गेले. तेथे संत फ्रान्सिसच्या संघाने त्यांना ब्रदर म्हणून स्वीकारले.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला आले. इतरांना भाषा येत नव्हती, म्हणून गोन्सालो दुभाषी झाले. क्योतो शहरात या संघाने चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उघडले. ज्यांना समाजाने वेशीबाहेर ठेवले होते, त्यांना तेथे आपली माणसे मिळाली.

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचा रोष वाढला आणि १५९६ च्या अखेरीस या मिशनऱ्यांना अटक झाली. चोवीस जणांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. ऐन हिवाळ्यात, जवळजवळ महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. त्यांची सेवा करण्यासाठी मागोमाग चालणारे दोघे वाटेत त्यांच्यातच सामील केले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक आपले वसईकर होते. धर्मगुरू होते, सुतार होता, बारा वर्षांचा लुईस नावाचा मुलगाही होता. देश, भाषा, वय वेगळे. पण ख्रिस्तसभा एक!

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७ मार्च १८६५ रोजी, नागासाकीतील ओउरा येथे या हुतात्म्यांच्या नावे बांधलेल्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले आणि आपणही ख्रिस्ती आहोत, असे त्यांनी तेथील धर्मगुरूंना हळूच सांगितले. धर्मगुरूंविना, छळ सोसत, सुमारे अडीचशे वर्षे त्यांच्या पूर्वजांनी घराघरांतून श्रद्धा आणि बाप्तिस्मा जपला होता. एकमेकांना धरून राहिले, म्हणून ते टिकले.

आपल्या परभणीतही कोणी रेल्वेच्या नोकरीसाठी येतो, कोणी कृषी विद्यापीठात शिकायला, कोणी खेड्यातून मजुरीसाठी. कोणाची मराठी आपल्यासारखी नसते. अशी व्यक्ती मिस्साला येऊन शेवटच्या बाकावर बसते आणि कोणाशी न बोलता घरी जाते. असे दोन-चार रविवार गेले की ती येईनाशी होते आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. गोन्सालो थांबले, चिकाटीने दुसरे दार ठोठावत राहिले. पण प्रत्येकाला तेवढे बळ असतेच असे नाही.

तेव्हा या रविवारी मिस्सा संपल्यावर घाईने निघू नये. आपण ओळखत नाही अशा एका तरी भाविकाचे नाव-गाव विचारावे, त्याला घरी चहाला बोलवावे. आजारपणामुळे जे येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी आपण जावे.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्या धर्मग्रामासाठी विनंती करा.